कागदावरची माणसं

स्पेनमधलं काडिझ बघायला आलेला माणूस मनोऱ्यातल्या त्या अंधाऱ्या खोलीत येतोच. छतातल्या भिंगातून अख्खं शहर खालच्या पांढऱ्या तबकडीवर उतरतं आणि तिथे चालतं-फिरतं. इन्मा तबकडीवर कोरा कागद धरते, रस्त्यावरची माणसं त्यावर अलगद उचलते, आणि पाहुणे खूश होतात.

आज तिच्या जुन्या घराची गच्ची तबकडीवर आली, तर तिथे एक म्हातारी चादरी वाळत घालत होती. आई गेल्यावर ते घर विकलं. त्या गच्चीवर आता हॉटेलचा पोहण्याचा तलाव आहे.

"काय गं इन्मा, हॉटेलवाल्यांनी म्हातारी कधी ठेवली?" दारावरचा पाको खिदळला. "चिमटे बघ कशी दातात धरते! थेट तुझ्या..." त्याने जीभ चावली.

इन्माने कागद पुढे सरकवला. म्हातारी त्यावर आली, थबकली. मग वर बघून तिने दोन्ही हात पसरले, लेकीला कडेवर घेताना पसरावेत तसे.

"आता सोडा बाई त्यांना," एक पाहुणी हसत म्हणाली.

इन्माने कागद उचलून घेतला. तबकडीवरच्या गच्चीत नुसत्या चादरी हलत होत्या.

कागद मात्र इतका जड झाला, की तिला तो दोन्ही हातांनी धरावा लागला.