ओढ्यापलीकडची हजेरी

अलीकडे, इंग्रजी हद्दीत, सुसाना शाळेची पाटी घेऊन उभी. शेजारी तिचा बाप पौलस.

पलीकडे, बडोद्याच्या गायकवाडी मुलखात, होळ्या. हातांना माती. त्याने पहाटे आपली पोर रमी पुरली होती. नऊ वर्षांची.

मध्ये ओढा. गुडघाभर पाणी.

(गायकवाडीत पोर शाळेत गेली नाही तर बापाला दंड. होळ्याला पोर शेळ्यांमागे हवी होती. अलीकडच्या शाळेला छप्पर होतं, मास्तर नव्हता. म्हणून दोन पावसाळे रमी शेळ्या चारत होती आणि सुसाना रोज ओढा ओलांडून पटावरच्या रमीच्या नावाला "हजर" म्हणत होती. पलीकडच्या मास्तरला माहीत होतं. पट भरलेला दिसला की त्याचं भागत होतं.)

"कुठे निघालास?" पौलसने विचारलं.

"पाटलाकडे. पोर गेल्याची वर्दी द्यायला."

"आजच?"

"मग काय, ती उठून बसायची वाट बघू?"

पौलसला पुढचं दिसत होतं. पाटील लिहिणार. कागद शाळेत जाणार. मास्तर रमीच्या नावावर रेघ मारणार.

सुसाना म्हणाली, "काका, उन्हाळा लागेपर्यंत नका सांगू. तेव्हा दुसरीची परीक्षा असते."

"पास कोण होणार?"

सुसानाने पाटी छातीशी धरली. "रमी."

होळ्या हसला. मग ओढ्यात थुंकला.

"तुमच्याकडे का नाही शाळा? तुमचा राजा तर आमच्या राजाहून मोठा."

"वर्गात तक्ता लावलाय," सुसाना म्हणाली. तो तिला पाठ होता. "जपानात जवळजवळ सगळी पोरं शाळेत जातात. जर्मनीत सगळी. इंग्रजांच्या स्वतःच्या देशात सगळी. मग बडोदं. आम्ही सगळ्यात खाली."

"म्हणजे तुमचा राजा स्वतःच्या पोरांना शिकवतो. आणि तुम्हाला?"

"आम्हाला छप्पर दिलंय," पौलस म्हणाला.

"त्या तक्त्यात शेळ्यांमागे कोण जातं ते लिहिलंय?"

सुसानाने नाही म्हणून मान हलवली.

"तुझी पोर दोन पावसाळे वर्गात कोरडी बसली, पौलस. माझी बाहेर भिजली."

पौलसने पोरीच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल घरी."

"नाही."

"सुसाना."

"नाही, बा."

वरच्या झोपडीत रमीची आई रडत होती. मोठ्याने, एकेक गोष्ट सांगत. रमीने कधी काय खाल्लं, कधी काय मागितलं, काय मिळालं नाही.

"ऐकतोस?" होळ्याने मागे बोट केलं. "मी नाही सांगितलं तरी ती सांगतेय. दोन दिवसांत पाटलाच्या कानावर जाईल. तिला कोण सांगणार, रडू नको म्हणून? तू?"



पलीकडे लांब, झाडांमागे, शाळेची पहिली घंटा झाली.

सुसाना पाण्याच्या अगदी कडेला आली. तिने काही मागितलं नाही. नुसती उभी राहिली.

होळ्या खाली बसला. ओढ्यात हात धुतले. सावकाश, नखांतली मातीसुद्धा. उठला. पाटलाच्या गावाची वाट उजवीकडे होती. तो तिकडे वळला नाही. झोपडीकडे चढू लागला.

झोपडीची ताटी लागली.

पलीकडे रडणं चालू होतं.

चालू होतं.

मग एका शब्दाच्या मधेच थांबलं.

अलीकडे पौलसने मान खाली घातली.

सुसानाने पाटी डोक्यावर धरली आणि पाण्यात उतरली.