एक्केचाळीस घरं

शाळेच्या पटांगणातल्या मांडवात रेवती सोनटक्के माईक धरून उभी होती. राज्याला पुढे किती वीज लागेल याचा आराखडा तिनेच केला होता, आणि त्यातलं एक धरण याच खोऱ्यात व्हायचं होतं; आज त्याचीच जनसुनावणी होती. "कुणाचंही घर पाण्याखाली जाणार नाही, एवढंच सांगा. बाकी आम्ही बघतो," तिच्या साहेबांनी येताना गाडीतच बजावलं होतं.

शहरं वाढताहेत, कारखाने येताहेत, दहा वर्षांत दीडपट वीज लागेल, असं ती सांगत गेली.

मग म्हातारे धोंडूबाबा झोरे काठी टेकत उठले. "मागल्या धरणापायी आमी खालचं गाव सोडलं. त्याची वीज आमच्या वाडीत यायला बावीस वर्षं लागली. आता पुन्यांदा उठायचं का, पोरी?"

साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं.

"हो, बाबा. एक्केचाळीस घरं जातील."

मांडवात एकच गलका उठला. साहेबांनी माईक हिसकावून घेतला, पण आता कुणी ऐकायला तयार नव्हतं. सुनावणी तिथेच मोडली.

ती गाडीकडे निघाली तेव्हा धोंडूबाबांनी तिला गाठलं. "खरं बोललीस, लई बरं वाटलं. मग आता धरण हुईत न्हाई न्हवं?"

दुसरी जागा तिने तीनदा शोधून पाहिली होती. जी सापडली तिथे याच्या दुप्पट घरं जात होती.

"होईल, बाबा," ती म्हणाली.

तिच्या डोक्यावर ठेवायला उचललेला हात त्यांनी हळूच मागे घेतला.