एकानं उणे वीस
भावजींनी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं की त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीच्या, अबोलीच्या पोटात दुखायला लागतं. गुडगावच्या ऑफिसातली टार्गेटं जणू कमी पडतात म्हणून घरी पाढे, तेही मराठीतच. “एकोणीस चोक?” त्यांनी विचारलं. पोर रडवेली झाली. “मावशी, एकोणीस म्हणजे उन्नीस ना?” तिनं मला हळूच विचारलं. “हो गं. एकानं उणे वीस. एक कमी.” “म्हणजे नावातच सांगितलंय?” ती थबकली. “मग वीस चोक एटी. प्रत्येक विसातला एक कमी, म्हणजे फोर कमी. सेव्हन्टी-सिक्स?” “बरोब्बर!” मी म्हणाले. जन्मभर हा शब्द बोलले, पण त्याच्या पोटात कधी डोकावले नव्हते. “आता तुम्ही, पप्पा. एकोणतीस चोक?” भावजी बोटांवर मोजू लागले. अबोलीनं त्यांच्या हातातून मोबाइल घेतला आणि स्टॉपवॉच बंद केलं. “आराम से सांगा. नाहीतर तुमच्या पोटात दुखेल.”