गोदाचा तीळ

फोटो हातात घेऊन चांगुणा दोन्ही चेहऱ्यांवरून आळीपाळीने नजर फिरवत होती. ती आता वाहवा करणार म्हणून गोरक्ष वाट पाहत होता.

वाहवा व्हावी असंच काम होतं ते. रावजी फोटोवाल्याकडे सहा वर्षं फोटो धुण्यात घालवून त्याने गंगापूर रोडला स्वतःचा स्टुडिओ टाकला, त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. त्यात ही पिंपळगावकडची बाई, चांगुणा, आपल्या चार वर्षांच्या जुळ्या मुली घेऊन आली. दोघी सावळ्या, एकाच ताग्यातल्या कापडाच्या फ्रॉकमधल्या, हुबेहूब सारख्या. फरक एवढाच, की गोदाच्या गालावर ज्वारीच्या दाण्याएवढा तीळ होता आणि मथुराचा गाल कोरा होता.

बाईने एकच गोष्ट बजावून सांगितली होती. दोघींच्या मध्ये हातभर जागा सोडा. गोरक्षला हसू आलं होतं. जुळ्या मुली कशा, गालाला गाल लावून बसवायच्या. पण गिऱ्हाइकाशी वाद नको म्हणून त्याने मधल्या जागेत कागदी फुलांची फुलदाणी ठेवली, आणि पोरी आईकडेच बघत बसतात म्हणून बाईला पडद्याबाहेर पाठवलं.

मग त्याने शिकलेलं सगळं पणाला लावलं. रावजी म्हणायचे, उजेड पुढून मारला की कोळशासारखी पोरसुद्धा गोरी दिसते. त्याने दोन्ही दिवे पुढून मारले. निगेटिव्हवर पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून चार दिवस बारीक ठिपके दिले. नाकाखालचा शेंबूड, ओरखडे, उन्हाचे चट्टे, सगळं बुजवलं. तीळही बुजवला. लहान मुलाच्या तोंडावर डाग ठेवला तर गिऱ्हाईक परत येत नाही, हाही रावजींचाच धडा.

"यातली गोदा कंची?" चांगुणाने विचारलं.

गोरक्ष हसला. आईलाच ओळखू येत नाही म्हणजे काम साधलं होतं. त्याने ऐटीत डावीकडच्या मुलीवर बोट ठेवलं. ही गोदा, हिचाच तीळ काढलाय, असं सांगितलं.

"तुमी सांगता म्हनून मानायचं?" ती म्हणाली. "दर बारीला तुमालाच इचारायला येऊ का?"

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच त्याला जास्त लागलं. पोरी जन्मल्यापासून ती तिळावरच दोघींना ओळखत आली होती. दुसरी खूण शोधायची तिला कधी गरजच पडली नव्हती. आणि हा शहाणा चार दिवस खपून नेमकी तीच पुसून बसला होता.

त्याला वाईट वाटलं, पण हातून गेलेलं परत आणता येण्यासारखं होतं. निगेटिव्हवरची पेन्सिल पक्की नसते. त्याने तिला बाकावर बसवलं, आत जाऊन टर्पेंटाइनमध्ये कापसाचा बोळा बुडवला आणि चार दिवसांची मेहनत दोन मिनिटांत पुसून टाकली. रंग खरा सावळा उतरावा म्हणून कागदाला उजेडही थोडा जास्त दिला. तांबड्या दिव्याखाली, थाळीतल्या औषधात आधी दोन फ्रॉक दिसले, मग दोन सावळे चेहरे, मग ओरखडे, आणि एका गालावर तीळ. रावजींनी हा फोटो भिरकावून दिला असता.

फोटो वाळल्यावर तो बाहेर घेऊन आला. चांगुणाने तिळावर बोट टेकवलं आणि पहिल्यांदा हसली. मग तिने कात्री मागितली आणि तो नको नको म्हणेपर्यंत फुलदाणीच्या मधोमध फोटो सरळ कापला.

दोन तुकडे दोन कागदांत बांधून द्या, असं ती म्हणाली. गोरक्षने पुड्या केल्या. ज्या मुलीचा फोटो तिच्याकडे, असा त्याने हिशेब धरला आणि तिळवाली पुडी पुढे करत म्हणाला, "ही गोदाला द्या."

चांगुणाने ती पुडी पदराच्या गाठीत बांधली.

"गोदाला मथुराची द्यायची. उद्या गोदाला तिची आत्या सुरतेला न्यायची हाये, कायमची. आत्याला पोर नाय. गोदाची माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."