गुंजाळकाकांचा आडोसा

सकाळी सहाला ऑनलाइन सायकल शर्यत सुरू झाली. रेणुका गॅलरीत स्टँडवर बसवलेल्या सायकलचे पॅडल मारत होती; प्रत्येकाचे वजन, वारा आणि चढ ॲप हिशेबात धरत होते. पडद्यावरच्या पाच जणांतले पहिले चौघे क्लबच्या संघात जाणार होते.

सपाटीवर चव्वेचाळीस किलोची रेणुका मागे पडू लागली. हेडफोनमध्ये त्या पाचांतलेच गुंजाळकाका म्हणाले, "माझ्या पाठीला चिकट, पोरी. नव्वद किलोचं धूड वारा अडवायलाच आहे." पडद्यावरचा वारा अंगावर घेत त्यांनी तिला अठरा किलोमीटर ओढून आणले.

मग चढ लागला. तो हलक्या रेणुकेला सोपा गेला, काका मात्र मागे राहिले. तिघे पुढे गेले होते. जागा एकच उरली होती.

"थांबू नकोस," काका म्हणाले. मग जरा वेळाने, "थोडं हळू घेतलंस तरी चालेल."

शिखर दोनशे मीटरवर होते. रेणुकेचे पाय अजून मंदावले नव्हते.