गव्हासाठी दोन दाबा

सभागृहाच्या कर्ण्यातून बाबांचा आवाज आला आणि ती स्वतःच दचकली. मोबाइल माइकसमोर तिनेच धरला होता. तरी दचकली.

"नमस्कार मंडळी. आज गव्हाचं बघू."

पोरं खूश झाली. शेतीचं शास्त्र साध्या बोलीत लोकांपर्यंत कसं पोचवायचं आणि त्यात पुढे करिअर कसं करायचं, हे सांगायला कृषी महाविद्यालयाने तिला बोलावलं होतं. ती सल्ला केंद्राची फोनसेवा सांभाळत होती. शेतकऱ्याने फोन लावायचा, पिकाचा आकडा दाबायचा, की ध्वनिमुद्रित केलेला सल्ला ऐकू येई. सेवा सुरू केली ती बाबांनी. तेव्हाचे सगळे सल्ले त्यांच्याच आवाजातले.

"हे माझे वडील," ती मघाशी म्हणाली होती. "ते गेले, पण फोन अजून उचलतात."

पोरं हसली होती. तिने मात्र तो विनोद म्हणून सांगितला नव्हता.

"लाल कुसळांचा वाण पेरा आणि बिनघोर झोपा," बाबा सांगत होते. "तांबेरा रोग त्याच्या वाटेला जात नाही." मागे कुठेतरी दार लागलं. ते घरातल्या मधल्या खोलीचं दार. हे ध्वनिमुद्रण घरीच झालं होतं, बाबांना बाहेर पडणं जमेनासं झालं तेव्हा.

मग प्रश्न सुरू झाले. या कामात यायचं तर काय शिकावं, असं कुणीतरी विचारलं. ती सरावाने बोलत गेली. जड शब्द घरी ठेवून निघा. बांधावर गेलात की आधी ऐका. माहीत नसेल तर सरळ माहीत नाही म्हणा, लाज कसली त्यात? शब्द तिचे नव्हतेच. तोंड तिचं, बोलणं बाबांचं.

दुसऱ्या रांगेतली चष्मेवाली मुलगी उभी राहिली.

"मॅडम, लाल कुसळांच्या वाणावर आता तांबेरा येतो ना? आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत त्याची कुंडी आहे. पानाला हात लावला की बोटं विटकरी होतात."

"येतो," ती म्हणाली. "रोग बदलला. वाण आहे तिथेच राहिला."

"मग फोनवर अजून असं का सांगतात?"

प्राध्यापक घसा खाकरून म्हणाले, "ते बदलायचं काम चालूच असेल, काय मॅडम?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"चालू नाही," ती म्हणाली. "माझ्या हातून ते पुसवत नाही."

कुणी हसलं नाही. चष्मेवाली खाली बसली. आपण काही भलतंच बोलून गेलो की काय, असा तिचा चेहरा झाला होता.

बाकीचे सल्ले तिने एकेक करून बदलले होते. हरभरा बदलला, कांदा बदलला, मका बदलला. दर वेळी बाबा एका पिकातून उठून दुसऱ्यात जाऊन बसले. आता त्यांना जायला फक्त गहू उरला होता. आवाजाची प्रत तिने केव्हाच काढून ठेवली होती. पण प्रत लावायची म्हणजे गेलेल्या माणसाला ऐकायचं. फोन लावला की घंटा वाजे, आणि पलीकडून बाबा उचलत. केंद्राचे साहेब दर हंगामात म्हणत, "गव्हाचं तेवढं बघा हं." ती म्हणे, "बघते." आणि पेरण्या तोंडावर आल्या होत्या.

महाविद्यालयातून ती घरी गेली नाही, थेट केंद्रात गेली. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पंखा बंद करून बसली. नवा वाण सांगितला, जुना का सोडायचा तेही सांगितलं. आवाज दोनदा चिरकला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून बोलली. पडद्यावर प्रश्न आला, जुना संदेश पुसायचा का? तिने डोळे मिटून बटण दाबलं.

खात्रीसाठी तिने फोन लावून पाहिला. घंटा वाजली. पलीकडे तीच होती. राँग नंबर लागावा तसा तिने घाईघाईने फोन ठेवला.

घरी आई ओट्याशी भाजी निवडत बसली होती. हिला कसं सांगावं, आणि सांगावं तरी का, याचा विचार तिने वाटभर केला होता. आईने वर न बघताच विचारलं,

"ह्यांचं पुसलंस आज?"

तिच्या खांद्यावरची पिशवी तिथेच राहिली. "तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? दुपारी फोन लावला होता."

"तू? गव्हासाठी?"

"लावते की रोज. तू कामावर गेलीस की लावते."

जन्मात कधी विळाही न धरलेली आई. पिशवी उतरवून ती आईसमोर बसली.

"आई, तो सल्ला चुकीचा झाला होता गं. त्याच्यावर विसंबून कुणाचं पीक गेलं असतं."

"मग बरं केलंस. ह्यांनीही तेच केलं असतं." आईने देठं बाजूला सारली. "फक्त तू फार भरभर बोलतेस. वाक्य संपलं की जरा थांबत जा. हे थांबायचे."

"ऐकणाऱ्याच्या डोक्यात शिरायला वेळ मिळावा म्हणून," ती म्हणाली. पोरांना सांगावं तसंच निघालं तोंडातून.

"असेल," आई म्हणाली. "मी तेवढ्यात त्यांना घरचं सांगून घ्यायचे."