आभाराच्या मेलची पोच

दुपारी साडेचारला स्टोअरच्या बाईंचा मेल आला. ‘आपण माझ्या आभारांबद्दल मानलेल्या आभारांबद्दल मनःपूर्वक आभारी आहे.’ आवक-जावक कारकुनाने तो दोनदा वाचला आणि कपाळाला हात लावला. आज तो निवृत्त होत होता. पाच वाजता त्याचा मेल कायमचा बंद व्हायचा होता, आणि त्यासाठी कॉम्प्युटरवाला शेजारी खुर्ची ओढून बसलासुद्धा होता.

“द्या ना सोडून,” कॉम्प्युटरवाला म्हणाला. “शेवटच्या दिवशी कोण विचारतंय?”

“सोडून कसं देऊ? माझ्याकडून उत्तर जायचं बाकी आहे.”

“मग पाठवा उत्तर.”

“पाठवलं की सोमवारी साडेचारला त्यांचं उत्तर निघणार. तेव्हा त्यांना काय दिसेल?”

कॉम्प्युटरवाल्याने मान खाजवली. “‘असा पत्ता अस्तित्वात नाही’ असं येतं.”

कारकून पांढराफटक पडला. अकरा वर्षं इतक्या अदबीने बोललेल्या बाईंना शेवटी हे ऐकायला लागणार होतं, आणि तेही त्याच्या नावाने.

अकरा वर्षांपूर्वी ऑफिसात मेलच्या शिष्टाचाराचं प्रशिक्षण झालं होतं. टाय लावलेल्या एका गृहस्थांनी सगळ्यांना बारा नियमांचा कागद वाटला. बाकीच्यांनी त्यावर चहाचे कप ठेवले. कारकुनाने तो भिंतीवर चिकटवला. प्रत्येक मेलला एका कामाच्या दिवसात पोच द्यावी, हा चौथा नियम. संवादाचा शेवट कनिष्ठाने आभार मानून करावा, हा नववा. त्याच आठवड्यात त्याने स्टोअरकडून शिक्क्याचे दोन पॅड मागवले. पॅड आले, त्याने आभार मानले, बाईंनी त्या आभारांचे आभार मानले. इथे घोडं अडलं. दोघं एकाच पदावर, एकाच दिवशी रुजू झालेले. स्वतःला वरिष्ठ समजण्याचा उद्धटपणा दोघांपैकी कोणीच करेना.

तेव्हापासून रोज सकाळी साडेनऊला याचा मेल खाली स्टोअरला जाई आणि दुपारी साडेचारला त्यांचा वर येई. विषयाच्या ओळीत ‘उत्तर: उत्तर: उत्तर:’ इतकं साचलं होतं की पॅडपर्यंत पोचायला तीन वेळा स्क्रीन सरकवावा लागे. साहेबांनी एकदा दोघांना ‘हे थांबवा’ असा मेल पाठवला. दोघांनी साहेबांचे आभार मानले. साहेबांनी पुन्हा नाव काढलं नाही.

समोरासमोर दोघं कधी बोलले नव्हते. एकदा लिफ्टमध्ये बाई भेटल्या होत्या, पण तेव्हा त्यांचं उत्तर यायचं बाकी होतं. ते येण्याआधी आपण तोंड उघडणं बरं दिसलं नसतं, म्हणून कारकून तीन मजले लिफ्टचे आकडे बघत राहिला. एकदा तो तापाने तीन दिवस घरी होता. परत येऊन बघतो तर बाईंचे तीन मेल. ‘माझे आभार पोचले का?’ तिसऱ्यात तर ‘महोदय’सुद्धा नव्हतं. पहिल्याच नियमाचा हा भंग त्याने मोठ्या मनाने पोटात घातला.

आता घड्याळात पाचला दहा कमी होते. कारकुनाने चार ओळींचा मेल लिहिला, पाठवला, आणि कॉम्प्युटरवाल्याला “थांबा जरा” म्हणून तो जिन्याने तळघरात उतरला.

स्टोअरमध्ये कागदाच्या रिमांचे गठ्ठे छतापर्यंत गेले होते. जाळीच्या खिडकीमागे बाई बसल्या होत्या. पर्स खांद्याला होती, पण कॉम्प्युटर चालूच होता.

“मी आवक-जावक,” तो म्हणाला.

“माहितीये.”

“एक विनंती आहे. आत्ताच मी शेवटचा मेल पाठवलाय. त्याला उत्तर देऊ नका. पाच वाजता माझा मेल बंद होतोय, मग ते मशीन तुम्हाला काहीतरी उद्धट बोलेल. मला ते सहन व्हायचं नाही.” शिक्क्याच्या पॅडवरून आपण एवढं बोललो याची त्याला लाजही वाटली.

बाईंनी खांद्यावरची पर्स काढून ठेवली. मग म्हणाल्या, “मी ते मेल कधी उघडलेच नाहीत.”

“अकरा वर्षं?”

“उघडून काय वाचायचं? आभारच असणार.” बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “साडेनऊला तुमचं नाव दिसलं की कळायचं, माणूस धडधाकट आहे, कामावर आलाय. मग माझं कामात लक्ष लागायचं. आता सोमवारी मला कसं कळायचं?”